मागून येणारी पेटी

तस्लीमनं टॅब माझ्या हातात ठेवला, तेव्हा मी आधी त्याला हळदकुंकू लावायला गेले. तिनं हसून माझा हात धरला.

"काकू, काचेवर नको, मागच्या बाजूला लावा. काचेवर बोट टेकलं की त्याला वाटेल गाणं सुरू झालं."

मी मागच्या बाजूला लावलं. टॅब अगदी साधा होता, शाळांतून वाटतात तसला. पाठ प्लॅस्टिकची, एक कोपरा टवका उडालेला. यांनी खाटेवरूनच एक डोळा उघडून पाहिलं.

"पाटी आणलीय वाटतं. आता धुळाक्षरं गिरवायची म्हणा."

"धुळाक्षरंच काका," तस्लीम म्हणाली, "पण सुरांची."

हे म्हणजे माझे यजमान, श्रीपाद हावळ. कुरुंदवाडात आमची ओसरी सगळ्यांना ठाऊक. चाळीस वर्षं यांनी तिथं बसून पेट्या दुरुस्त केल्या. मिरजेपासून निपाणीपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या यायच्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या पट्ट्या ढिल्या, कुणाच्या पोटात उंदरानं संसार मांडलेला. हे कान लावून ऐकायचे, बिघडलेला सूर, म्हणजे आतली पितळी जीभ, बाहेर काढायचे, कानशीनं इवलासा घासायचे आणि परत बसवून म्हणायचे, "हं, आता बोल बाई."

वैशाखात यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला. बोलणं आठवड्याभरात परतलं, पाय काठीच्या आधारानं महिन्यात चालू लागला. उजवा हात मात्र तसाच राहिला. बोटं अर्धी मिटलेली, जणू आत काही जपून धरलंय आणि दाखवायचं नाहीये.

माझं सांगायचं तर मी नेमाधर्माची बाई. लग्न होऊन आले त्या वर्षापासून, म्हणजे एकतीस वर्षं, रोज सकाळी दत्तगुरूंपुढं मी पाच पदं म्हणायची आणि यांनी पेटी धरायची, हा आमचा नेम. एकदा मी तापानं फणफणले होते तेव्हा दोनच झाली, पण झाली. वैशाखापासून पेटीवर फडकं पडलं आणि मी पदं नुसती पुटपुटू लागले. शब्द यायचे, सूर निघायचा नाही. एकतीस वर्षं कुणीतरी मागून धरलेलं असताना चालायची सवय. तो हात सुटल्यावर पाऊलच पडेना.

तस्लीम मुजावर ही दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट. आमच्याच गावची, तिच्या आजोबांची पेटी यांच्याकडं दुरुस्तीला यायची. तिनं त्या दिवशी खाटेशेजारी स्टूल ओढलं आणि मला समजेल अशा भाषेत सांगितलं.

"काकू, महागड्या टॅबवर बोट टेकलं की सूर लगेच वाजतो. ह्या स्वस्तातल्या टॅबला थोडा उशीर लागतो. सेकंदाचा आठवा-दहावा हिस्सा. पत्र वाचायला, फोटो बघायला काही फरक पडत नाही. पण गाण्यात?"

"गाण्यात गाडी चुकते," हे खाटेवरून म्हणाले.

"बरोबर. तर बनवणाऱ्यांनी महाग भाग घालायच्या ऐवजी टॅबला अंदाज बांधायला शिकवलं. काचेला बोट टेकायच्या आधीच कळतं. आपल्या बोटात बारीकशी वीज असते ना, ती पेरभर अंतरावरून काचेतली वीज हलवते. बोट कुठून निघालं, कुठं झुकलं, एवढ्यावरून टॅब ठरवतो, हे आता पंचमावर उतरणार. आणि उतरायच्या आतच पंचम वाजवायला घेतो. झाला उशीर भरून."

"लबाड आहे," हे म्हणाले.

"मग चार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी ध्यानात आलं," तस्लीम पुढं म्हणाली, "की सावकाश यंत्रासाठी जी युक्ती चालते, ती सावकाश हातासाठीही चालेल. हात पोचत नसला तरी कुठं निघालाय हे तर कळतंच. फक्त त्या माणसाचं पूर्वीचं वाजवणं टॅबला ऐकवायचं. म्हणजे ह्याच्या मनात काय असतं हे त्याला शिकता येतं."

यांचं पूर्वीचं वाजवणं माझ्याकडं भरपूर होतं. आमची लेक शर्वरी दूरदेशी असते. तिला दर गुरुवारची पदं मी मोबाइलवर धरून पाठवायची. अकरा वर्षांचे गुरुवार साठले होते. तस्लीमनं ते सगळे टॅबमध्ये उतरवले. एक दिवस आणि एक रात्र तो नुसता चार्जिंगला लावून ऐकत होता, बोलत काही नव्हता. मला तो एकदम पारायणाला बसल्यासारखा वाटला.

काचेवर पेटीच्या पट्ट्या उमटल्या. बाजूला एक वेगळं पान होतं, ते सांभाळणाऱ्या माणसाचं. त्यात एकच सरकपट्टी, नाव 'हातभार'. शून्यापासून शंभरपर्यंत.

"ऐंशीवर लावते," तस्लीम मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली. "दर गुरुवारी पाच-पाचनं तुम्ही खाली आणायचं. कार्तिकापर्यंत शून्य. काकांना आकडा दाखवू नका, ते आकड्याकडंच बघत बसतील. आणि काकू, कमी करायचं विसरायचं नाही हं. पहिले सहा महिने हाताचे. पुढं हात सुधारतच नाही असं नाही, पण फार जड जातं."

मी मान हलवली. मला कुणी नेम सांगितला की मी तो पाळते, असा माझा लौकिक होता.

त्याच आठवड्यात देवशयनी एकादशी आली. चातुर्मासाचा नेम काय धरायचा ते मी आधीच ठरवलं होतं. यांच्या हातासाठी चार महिने मौनानं जेवायचं. पानावर बसल्यापासून आचवेपर्यंत एक शब्द नाही, हुंकारसुद्धा नाही, हवं ते सगळं आधी वाढून घ्यायचं. कार्तिकात सांगता झाली की देवळात एक घंटा द्यायची. ह्या व्रताला घंटेचंच दान सांगितलंय. चार महिने आपण गप्प बसलो, आता ती बोलेल.

यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे चार महिने मी जेवताना काहीही बोललो तरी उलट उत्तर नाही? अरे देवा, हे तीस वर्षांपूर्वी का नाही सुचवलंस!"

ऐंशीवर पहिल्या दिवशी सूर आले ते अडखळत आले, पण आले. डावा हात मांडीवर, उजवं मनगट उशीवर टेकवलेलं आणि ती मिटलेली बोटं काचेवर थोडी थोडी लवत होती. मी पहिलं पद अर्धं म्हटलं आणि रडले. पहिल्या गुरुवारी पंचाहत्तर केलं. दुसऱ्या गुरुवारी सत्तर.

सत्तरला ते कोलमडलं. एक सूर गळायचा, दुसरा भलताच लागायचा. दुसऱ्या पदात यांनी हात उचलला, म्हणजे डाव्या हातानं उजवा उचलून बाजूला ठेवला, एखादं भांडं ठेवावं तसा.

"कापून टाका हा," हे म्हणाले. "चाळीस वर्षं दुसऱ्यांचे सूर लावले. आता स्वतःचा फाटका ऐकायचा नाही मला."

दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. जेवले नाहीत. मी एकटी पानावर बसले, मौनात. समोरच्या खाटेवरची ती पाठ अजून डोळ्यांपुढं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे, स्नान झाल्यावर, देवापुढं दिवा लावायच्या आधी मी ते पान उघडलं आणि हातभार नव्वदवर नेला.

मनात म्हटलं, एक दिवस. यांचं मन उभारी धरू दे, मग हळूहळू उतरवू.

त्या सकाळी पेटी वाजली, वाजली म्हणजे वैशाखाआधीची वाजली. तीच गोल वळणं, कडव्याच्या शेवटी तीच छोटीशी हरकत. यांचे डोळे मिटलेले, चेहरा असा की मला वाटलं झटका आलाच नव्हता. मी पाचही पदं म्हटली. शेजारच्या कमळाक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. दोन्ही हात गालावर.

"वैनी, भावजींचा हात बरा झाला की ओ!"

मी नुसता प्रसाद दिला.

मग एक दिवसाचे दोन झाले. गुरुवार यायचा, मी पान उघडायची, नव्वद आकड्याकडं बघायची आणि मिटायची. श्रावणात बायका ऐकायला येऊ लागल्या. हे त्यांच्याशी चेष्टा करायचे, पोथीच्या फडक्यानं टॅब स्वतः पुसायचे, डाव्या हातानं. जेवण वाढलं होतं, झोप लागत होती. त्यात तस्लीमला दोन महिन्यांसाठी दुसऱ्या तालुक्यात पाठवलं. जाताना ती फोनवर म्हणाली, "काकू, तुमच्यावर सोडून जातेय हं, तुमच्यासारखं नेमाचं माणूस नाही." मी म्हटलं, "जा बाळा."

हे मला एकच प्रश्न विचारायचे, तोही जेवताना. वरणभात कालवता कालवता, डाव्या हातानं, इकडं न बघता.

"काय गं, आज तिसऱ्या पदात बरं वाजलं ना माझं?"

मी मौनात. हात जोडायची, किंवा ताटातलं लिंबू त्यांच्याकडं सरकवायची. हे हसून म्हणायचे, "हां, विसरलोच. तुझं मौन." आणि जेवण झाल्यावर तो प्रश्न परत निघायचा नाही.

न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी मनाला समजावलं. माणूस नेमाच्या आडोशाला बसूनही किती पळवाटा काढतो, ते मला तेव्हा कळलं. देवाच्या नावानं धरलेलं मौन मी माझ्या भीतीला वापरायला दिलं होतं.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून टोचायची. हे पेटी धरायचे तेव्हा नेहमी माझ्या केसभर मागून यायचे. मी सूर घ्यायची, तो हवेत असतानाच यांची पेटी खालून येऊन त्याला धरायची. लग्नानंतर पहिल्यांदा मी घाबरत घाबरत गायले, तेव्हा यांनी सांगितलं होतं, "साथ करणाऱ्यानं पुढं जायचं नसतं. तू घे श्वास, मी येतो मागून." त्यानंतर प्रत्येक कडव्याआधी मानेनंच तेवढं म्हणायचे. टॅबची पेटी माझ्या आधी पोचायची. मी पंचमाला जायचं मनात आणावं, तर पंचम तिथं हजर, पाहुणे यायच्या आधी मांडून ठेवलेल्या पाटासारखा. चूक काहीच नव्हती. फक्त मला वाट दाखवल्यासारखं वाटायचं. सोबत कुणी आहे असं वाटायचं नाही.

नवरात्रात, सातव्या माळेला, चौथं पद म्हणताना मी सहज डोळे उघडले. यांची बोटं काचेच्या पेरभर वर होती. हलत नव्हती. नुसती थरथरत होती, दिव्याची वात थरथरते तशी. तेवढं टॅबला पुरत होतं. बाकी सगळं अकरा वर्षांचे गुरुवार वाजवत होते.

मी डोळे मिटून घेतले आणि पद पुरं केलं.

कार्तिकातल्या अष्टमीला तस्लीम आली ती ऐन जेवणाच्या वेळेला. मी पानावर बसलेली, हे समोर. तिनं यांच्या हातात मऊ चेंडू दिला. "दाबा काका." यांनी दाबला. तिनं बारकाईनं पाहिलं, परत दाबायला लावला. मग तिच्या कपाळावर आठी आली.

"आषाढात ह्यापेक्षा जास्त दबत होता," ती म्हणाली. "काकू, हातभार किती आहे आता? दहा? पंधरा?"

माझा घास हातात. हे माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातली.

"तिचं मौन आहे," हे हळूच म्हणाले. "जेवताना बोलत नाही ती."

तस्लीमनं टॅब घेतला, ते पान उघडलं. नव्वद. टॅब उशीवर ठेवून ती मागच्या दारी गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. मी आचवून मागच्या दारी आले तेव्हा ती तुळशीकट्ट्याशी उभी होती.

"काकू, मौन जेवणाचं होतं ना? मला फोनवर तर सांगता आलं असतं."

"हे भिंतीकडं तोंड करून पडले होते गं," मी म्हटलं. "तू ती पाठ पाहिली नाहीस."

तिनं माझा ओला हात हातात घेतला. "ऐका. मेंदूतली जुनी वाट बुजलीय. नवी पायवाट कशी पडते? रोज कुणी तिथून चाललं की. बोटानं धडपडायचं, चुकायचं, ती चूक कानानं ऐकायची. मग मेंदू दुसऱ्या दिवशी थोडी वेगळी आज्ञा पाठवतो. असं हजार वेळा. सूर आपसूक आला तर मेंदू म्हणतो, झालं की काम, कशाला चालू? काकू, तुम्ही त्यांना त्यांची चूकच ऐकू दिली नाहीत."

"वेळ गेली का?"

"सगळी नाही. पण आता रोज थोडी जाईल. आणि एक, त्यांना कळल्याशिवाय कमी करू नका आता. नव्वदवरून एकदम कोसळले तर परत हात लावणार नाहीत. आधी सांगा. तुम्हीच सांगा."

ती गेली. मी तीन दिवस रोज सकाळी सांगायचं ठरवलं आणि रोज पदं म्हणून उठले.

दशमीला घंटा घ्यायला आम्ही दत्ताच्या वाडीला गेलो. विजेची रिक्षा थेट देवळाच्या रस्त्याला सोडते आता. बोगारअण्णांच्या तांब्यापितळेच्या दुकानात छताला घंटाच घंटा टांगलेल्या. हे काठी टेकत एकेकीखाली उभे राहिले आणि डाव्या हातानं वाजवू लागले.

"ही नको. बोलून झाल्यावर कुरकुरते."

"काका, नवी आहे की ओ."

"नवी म्हणूनच सांगतो, अजून वेळ आहे, वितळवा. ही? हिचा सूर पोटात अडकलाय. ही... ही बरी होती, पण ओतताना वारा शिरलाय एका बाजूला. ऐका." अण्णांनी ऐकलं, त्यांना काही कळलं नाही, मान मात्र हलवली. अकरा घंटा नापास झाल्या. शेवटी अण्णा म्हणाले, "काका, देवाला कान असतात, पण तुमच्याएवढे तिखट नसतील."

बारावी वाजली आणि यांचा चेहरा निवळला. आवाज बराच वेळ राहिला, मग पाण्यात मिठाचा खडा विरघळावा तसा गेला.

"काळी दोन," हे म्हणाले. "तुझी पट्टी. हीच घे." आणि माझ्याकडं वळून हसले. "हात गेला असेल, कान शाबूत आहे गं माझा."

मी घंटा हातात घेऊन तशीच उभी राहिले. एवढ्या घंटांमधली बारीकशी कुरकुर ह्या माणसाला ऐकू येते. मग चार महिने ती पेटी माझ्या पुढं धावतेय, हे ऐकू आलं नसेल?

परतताना रिक्षात घंटा माझ्या मांडीवर होती. खड्डा आला की आतला लोलक हलायचा, म्हणून मी तो मुठीत धरून बसले.

द्वादशीला सांगतेचं जेवण. मी वरणभात, अळूची भाजी, आवळ्याची चटणी, थोडी खीर केली. घंटा धुऊन, गंध लावून देवापुढं ठेवली होती. हे शेवटचं मौनाचं जेवण. आचवलं की घंटा घेऊन देवळात जायचं. चार महिन्यांत मी एकदाही चुकले नव्हते. विंचू चावल्यासारखी जीभ भाजली होती एकदा, तरी 'स्स' केलं नव्हतं.

निम्मं जेवण झालं. यांनी भात कालवला आणि ताटाकडं बघतच म्हटलं,

"आज चौथ्या पदातली शेवटची हरकत जमली ना गं मला?"

लिंबू माझ्या ताटात होतं. मी त्याच्याकडं पाहिलं. घंटेकडं पाहिलं. अजून पाच-सात घास राहिले होते.

"ती तुमची नव्हती," मी म्हटलं.

माझाच आवाज मला मोठा वाटला. यांचा हात ताटात थांबला.

"तुम्ही वाजवलीच नाही," मी पुढं म्हटलं. "दुसऱ्या गुरुवारनंतर तुम्ही काहीच वाजवलेलं नाही. हातभार नव्वदवर आहे. मी नेलाय. तुमचा हात माझ्यामुळं मागं पडला."

मग हे म्हणाले, "मौन मोडलंस."

"हो."

"शेवटच्या दिवशी. पाच घास राहिले असताना."

"हो."

यांनी हात झटकला, तांब्यातलं पाणी प्यायले. "मंगल, मी नेहमी जेवतानाच का विचारायचो?"

मी हातातला घास ताटात ठेवला.

"दुसऱ्या कुठल्या वेळी विचारलं असतं तर तू सांगून मोकळी झाली असतीस. तोंडावर खोटं बोलायला तुला येत नाही. मला विचारायचं तर होतं, पण उत्तर नको होतं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "नव्वदवर नेलंस त्याच सकाळी कळलं होतं मला. मी एकतीस वर्षांत कधी तुझ्या पुढं गेलोय? ते बेटं माझ्या नावानं तुझ्या पुढं धावत होतं. लाज वाटायची. पण तू गायला लागली होतीस गं. वैशाखापासून नुसती पुटपुटत होतीस. म्हटलं, माझा हात नाही तर नाही, हिचा गळा तरी परत आला. राहू दे."

मी पदरानं डोळे पुसले. मी यांच्या चेहऱ्यासाठी गप्प, हे माझ्या गळ्यासाठी गप्प, आणि मध्ये तो टवका उडालेला टॅब बिचारा दोघांचं मन राखत वाजत होता.

"घंटा आता देता येणार नाही ह्या वर्षी," मी म्हटलं. "व्रत मोडलं."

"राहू दे घरात. पुढच्या चातुर्मासात मी धरतो मौन. तू बोल जेवताना, चार महिने काय वाट्टेल ते बोल. उजव्या हातानं उचलून नेईन ती देवळात." मग थोडं थांबून, "नेता आली तर."

आचवून आम्ही देवापुढं बसलो. मी ते पान उघडून टॅब यांच्यापुढं ठेवला. यांनी पहिल्यांदाच तो आकडा पाहिला.

"खाली आणायचं कसं?"

"बोटानं ओढायचं." मी हात पुढं केला.

"थांब. मी."

यांनी उजवं मनगट उशीवर टेकवलं. तर्जनी मिटलेलीच होती; ती उघडायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी मनात गुरूंचं नाव चार वेळा घेतलं. बोट काचेवर टेकलं, सरकलं, निसटलं. बहात्तर. परत टेकलं. चाळीस. कपाळावर घाम आला. ह्या सरकपट्टीला कुणाचा हातभार नव्हता. यांनी ओढलं तेवढंच ती उतरत होती. मध्ये एकदा चुकून वर गेली, पंचावन्न, तेव्हा मी ओठ घट्ट मिटून घेतले. परत खाली. वीस. सात. आणि मग शून्य.

"एकदम शून्य नको ना," मी म्हटलं. "तस्लीम ओरडेल."

"आजचा दिवस. उद्यापासून ती म्हणेल तसं. मला एकदा ऐकू दे, मी कुठं आहे ते."

मी घंटा एकदाच वाजवली, सुरासाठी. काळी दोन. ती विरली. मी पहिल्या पदाचा पहिला शब्द ओठांवर आणला आणि यांच्याकडं पाहिलं. यांनी मान हलवली, तशीच, पूर्वीसारखी.

"घे श्वास. मी येतो मागून."

मी षड्ज लावला आणि धरून ठेवला. पुढं कुणीही नव्हतं. वाट मोकळी होती आणि मला भीती वाटत होती. यांचं बोट निघालं. हाताचा उशीर, त्यावर ह्या स्वस्त टॅबचा आपला जुना उशीर. माझा श्वास संपत आला, छाती दुखू लागली, तरी मी सूर सोडला नाही.

मग खालून पेटी आली. कापरी, अर्धवट दाबलेली, जरा उतरलेली. पण माझ्या मागून आली.